फोटोचा उतारा का घटतो?



उतारा हा शब्द आपल्याला नवीन नाही. ऊस चांगला, रान चांगले, पण तोडल्यानंतर तो फडात दोन-तीन दिवस पडून राहिला तर साखरेचा उतारा घटतो. त्यात उसाचा दोष नसतो. फडापासून गव्हाणीपर्यंतच्या वाटेत जे घडते, त्याचा तो परिणाम असतो. हल्ली आपल्या मोबाईलवरच्या फोटोंचे आणि डिझाईनचे नेमके हेच होत आहे. काढताना फोटो लख्ख असतो, छापून आला की ओळखू येत नाही. असे का होते आणि ते कसे टाळता येईल, याविषयी या अंकात चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही ठरवले आहे.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. मागे एका ज्येष्ठ सभासदांच्या निधनानंतर आम्ही श्रद्धांजलीचा मजकूर छापला. फोटो व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवरून घेतला होता. लग्नातल्या घोळक्याचा फोटो, त्याचा कुणीतरी काढलेला स्क्रीनशॉट आणि त्यातून कापलेला चेहरा, असा त्याचा प्रवास. रुंदी जेमतेम १८० पिक्सेल. आम्ही तो तीन इंच रुंद छापला. अंक वाटल्यावर त्यांचे चिरंजीव कार्यालयात आले. रागावले नाहीत. पान पुढे धरून एवढंच म्हणाले, "साहेब, आमचे आबा असे दिसत नव्हते हो." घरच्या ट्रंकेत त्यांचा चांगला फोटो होता. आम्ही मागितला नव्हता आणि कसा पाठवायचा हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. ती रुखरुख आजही आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

क्षेत्र वेगळे, टनेज वेगळे

मोबाईलमधला फोटो म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांचे शेत. एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आडवे ४,००० आणि उभे ३,००० ठिपके असले की एकूण १ कोटी २० लाख ठिपके झाले. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत '१२ मेगापिक्सेल' म्हणतात ते हेच. हे झाले चित्राचे क्षेत्र.

फाईल किती केबीची किंवा किती एमबीची, हा मात्र निराळा हिशेब. ते झाले टनेज. क्षेत्र सारखे असले तरी दोन शेतकऱ्यांचे टनेज सारखे निघत नाही, तसेच इथेही आहे. वरचा १२ मेगापिक्सेलचा फोटो काहीही दाब न देता साठवला तर दर ठिपक्याला तीन बाइट धरून सुमारे ३६ एमबी जागा लागेल. प्रत्यक्षात तो मोबाईलमध्ये बहुधा तीन ते पाच एमबीतच बसतो, कारण साठवतानाच तो दाबून बसवलेला असतो. तेव्हा 'फोटो दोन एमबीचा आहे' एवढ्यावरून तो छापण्याजोगा आहे की नाही ते ठरत नाही. आधी क्षेत्र विचारावे, मग टनेज.

इंचाला किती ठिपके?

कागदावर छापताना दर इंचाला ३०० ठिपके लागतात, असे छापखानेवाले सांगतात. हा आकडा त्यांनी हवेतून काढलेला नाही. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे ओळखता येते. कागद डोळ्यांपासून फूटभर लांब धरला तर या हिशेबाने इंचात सुमारे २८६ ठिपके येतात. त्याहून दाट छापले तर डोळ्याला फरक कळत नाही, विरळ छापले तर कळतो. म्हणून पूर्णांकात ३००.

यावरून हिशेब सोपा होतो. जेवढे इंच छापायचे, त्याला ३०० ने गुणा.

पासपोर्ट फोटो, ३५ बाय ४५ मिलिमीटर: ४१३ बाय ५३१ पिक्सेल.
आपल्या अंकातला फोटो, ३ बाय ४ इंच: ९०० बाय १,२०० पिक्सेल.
व्हिजिटिंग कार्ड, साडेतीन बाय २ इंच: १,०५० बाय ६०० पिक्सेल.
ए-फोर आकाराचे पूर्ण पान: २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल.

आता आबांच्या फोटोचा हिशेब करून पाहा. १८० पिक्सेल तीन इंचांवर पसरले म्हणजे इंचाला ६० आले. पाहिजे होते ३००. एका एकराचे बेणे पाच एकरांत लावल्यावर जी तुटाळ दिसेल, तीच त्या चेहऱ्यावर दिसली.

काही जण म्हणतील, संगणकावर फोटो मोठा करता येतो की! येतो. पण मोठा करताना मधल्या नांग्या संगणक शेजारचे ठिपके पाहून अंदाजाने भरतो. मूळ फोटोत जे नव्हतेच ते त्यातून खरे म्हणून परत येत नाही. आता निघालेली नवी ॲप्स चेहरा 'साफ' करून देतात, पण तेसुद्धा अंदाजच बांधतात. कधी कधी माणूस देखणा होतो, पण तो आपला माणूस राहत नाही.

आणखी एक गैरसमज. फाईलच्या माहितीत ७२ चा आकडा पुसून ३०० लिहिला की काम झाले, असे काही मुले समजतात. सातबाऱ्यावर एकराचे दोन एकर लिहिले म्हणून रान वाढत नाही. ठिपके तेवढेच राहतात.

जेपीजी: लागण, खोडवा आणि निडवा

फाईल साठवताना किंवा ॲपमधून डाऊनलोड करताना 'कोणत्या प्रकारात?' असा प्रश्न येतो. बहुतेक जण पहिले दिसेल त्यावर बोट ठेवतात. इथेच निम्मे नुकसान होते.

सर्वांत परिचित प्रकार जेपीजी. याचे मानक १९९२ साली ठरले आणि आजही फोटोसाठी हाच प्रकार सर्वाधिक चालतो. याची युक्ती अशी. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तेवढा कळत नाही. म्हणून चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे वाफे पाडायचे आणि प्रत्येक वाफ्यातला डोळ्याला न जाणवणारा बारकावा टाकून द्यायचा. उसाचा रस घेतला, चिपाड बाजूला काढले, तसे. माणसे, शेते, आभाळ अशा चित्रांना हे उत्तम जमते.

पण चिपाडातून पुन्हा ऊस होत नाही, हे ध्यानात ठेवावे. एकदा टाकलेला बारकावा गेला तो गेलाच. शिवाय जेपीजी उघडून त्यात फेरफार करून पुन्हा साठवली की पुन्हा दाब बसतो, पुन्हा काही जाते. पहिली लागण, मग खोडवा, मग निडवा. दर फेरीला उत्पन्न कमी. नुसती उघडून पाहिल्याने किंवा जशीच्या तशी कॉपी केल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते पुन्हा साठवल्याने. म्हणून मूळ फाईल एका फोल्डरमध्ये अलग ठेवावी आणि काम करायचे ते तिच्या नकलेवर. बेणेमळ्यातला ऊस आपण गाळपाला घालतो का? तसेच हे.

जेपीजी साठवताना दर्जाचा आकडा विचारला तर छपाईसाठी ९० च्या आसपास ठेवावा, नुसत्या मोबाईलवर पाहण्यासाठी ७५ ते ८० पुरतो. १०० ठेवल्याने फाईल खूप फुगते, डोळ्याला मात्र विशेष फरक दिसत नाही.

पीएनजी: काहीही न टाकता बांधलेली मोळी

जेपीजीचे वावडे अक्षरांशी. काळे अक्षर आणि पांढरा कागद यांची जिथे तीक्ष्ण कड असते, तिथे तिचा दाब अडखळतो आणि अक्षराभोवती धुळीसारखे डाग उठतात. इंग्रजी अक्षर त्यातूनही वाचता येते. आपल्या मराठीत अनुस्वार, रफार, उकार हे लहान अवयव आधी भरडले जातात. 'ऊस' आणि 'उस', 'मंडळ' आणि 'मडळ' यांतला फरकच पुसला जातो.

अशा कामाला पीएनजी हा प्रकार बरा. हा १९९६ साली प्रसिद्ध झाला. यात काहीच टाकून दिले जात नाही. एकसारखी येणारी माहिती थोडक्यात नोंदवून मोळी आवळली जाते आणि उघडली की ठिपका न् ठिपका परत मिळतो. बोधचिन्ह, सूचना, तक्ता, मजकुराचा स्क्रीनशॉट यांना पीएनजी योग्य. बोधचिन्हामागे पांढरा चौकोन नको असेल, पाठ मोकळी हवी असेल, तरी पीएनजीच घ्यावी, कारण जेपीजीत मोकळी पाठ ठेवण्याची सोय नाही. पण साधा फोटो पीएनजीत साठवू नये. तो जेपीजीच्या कित्येक पट जड होतो आणि फायदा काहीच नसतो.

मोबाईलवर आणखी दोन नावे भेटतील. वेबपी ही गुगलने २०१० साली आणलेली, इंटरनेटवर हलकी म्हणून चालते. एचईआयसी ही आयफोनमध्ये २०१७ पासून आली. दोन्ही वाईट नाहीत, पण गावातल्या छापखान्याच्या जुन्या संगणकावर त्या उघडतीलच असे नाही. छपाईला देताना त्यांची जेपीजी करून द्यावी. आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले की पुढचे फोटो जेपीजीतच निघतात.

लेबल आणि बोधचिन्ह: ठिपके नकोत, रेषा द्या

आता धंद्याची गोष्ट. आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका महिला बचत गटाने गूळ पावडरीची पाकिटे छापून घेतली. डिझाईन घरच्याच मुलीने मोबाईलवर केले आणि खरोखर सुरेख केले. पण छापखान्याला गेली ती व्हॉट्सॲपवरून आलेली ५०० पिक्सेल रुंदीची जेपीजी. ती पाच इंचांवर छापली गेली. इंचाला १०० ठिपके! बोधचिन्हाच्या कडा करवतीसारख्या आल्या, खालचा चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक वाचता येईना आणि पैसे भरण्याचा क्यूआर कोड फोनला ओळखू येईना. सगळा लॉट बाजूला ठेवावा लागला. गटाच्या वहिनी आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, मोबाईलवर तर झकास दिसत होतं की!" दिसणारच. मोबाईलचा पडदा तीन इंच रुंद आणि स्वतःच्या उजेडाने चमकणारा. कागदाला तो उजेड नसतो.

इथे उपाय वेगळा आहे. काही फायलींमध्ये ठिपके नसतात. 'इथून तिथपर्यंत रेषा, एवढी गोलाई, हा रंग' अशा सूचना असतात. नकाशावर खुणा दिल्या की सरी शंभर फुटांची पाडा नाहीतर हजार फुटांची, ती सरळच येते, तसे. अशा चित्राला व्हेक्टर म्हणतात. ते नखाएवढे छापा की भिंतीएवढे, कड स्वच्छच राहते. एसव्हीजी हा त्यातला एक प्रकार. आपल्याकडचे डीटीपीवाले कोरलड्रॉमध्ये जी सीडीआर फाईल करतात, तीही याच जातीची. बोधचिन्ह करून घेताना डिझायनरकडून ही मूळ फाईल मागून घ्यावी. पैसे आपण दिलेले असतात, नुसती जेपीजी घेऊन घरी येऊ नये.

आणि छापखान्याला द्यायची ती पीडीएफ. पीडीएफमध्ये रेषा रेषाच राहतात, फोटो फोटोच राहतो आणि अक्षराचा फाँट आत बांधून जातो. साधी वर्डची फाईल दिली आणि छापखान्याकडे तो मराठी फाँट नसला तर जोडाक्षरे फुटतात, पानांची मांडणी हलते. पीडीएफला ही भीती सहसा नसते. कॅनव्हासारख्या ॲपमध्ये 'पीडीएफ स्टँडर्ड' आणि 'पीडीएफ प्रिंट' असे दोन पर्याय दिसतात. छपाईसाठी दुसरा घ्यावा. मात्र धूसर जेपीजी पीडीएफमध्ये चिकटवली तर ती सुधारत नाही. कोळ ऊस चांगल्या ट्रॉलीत भरला म्हणून उतारा वाढत नाही.

दोन गोष्टी छापखान्याशी बोलून घ्याव्यात. एक, कापणीसाठी चारही बाजूंनी तीन मिलिमीटर रंग जादा सोडावा, नाहीतर कडेला पांढरी पट्टी राहते. दोन, पडद्यावरचे रंग लाल, हिरवा, निळा अशा उजेडातून होतात, छापखान्यात सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. पडद्यावरचा झगझगीत पोपटी कागदावर थोडा मंद येणारच. म्हणून सगळा माल छापण्यापूर्वी एक नमुना काढून पाहावा, क्रमांक वाचून पाहावा आणि क्यूआर कोड दोन वेगवेगळ्या फोनवर लावून पाहावा. त्या एका कागदाचा खर्च फार नाही.

बॅनरला ३०० लागत नाहीत

फ्लेक्सवाला मुलगा '३०० डीपीआय पाहिजे' म्हणून अडून बसला तर वर सांगितलेला डोळ्याचा नियम त्याला सांगावा. दहा बाय आठ फुटांचा बॅनर लोक वीस फुटांवरून पाहतात. तिथून डोळ्याला इंचात १५ च्या आसपास ठिपके पुरतात. मोबाईलमधला मूळ फोटो ४,००० पिक्सेल रुंद, दहा फूट म्हणजे १२० इंच, भागाकार केला की इंचाला ३३ आले. पुष्कळ झाले. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून १,६०० पिक्सेलचा होऊन आला तर १३ येतात, आणि फोटो ढिसाळ दिसतो. जवळ उभे राहून पाहायचा फलक असेल, उदाहरणार्थ प्रदर्शनातला, तर आकडा वाढवावा. बॅनरवरची अक्षरे मात्र नेहमी पीडीएफ किंवा सीडीआरमधूनच द्यावीत.

अर्जाची फाईल दाबण्याचा क्रम

आपली मुले-मुली नोकरीचे, प्रवेशाचे अर्ज भरतात तेव्हा उलटी अडचण येते. तिथे फाईल लहान पाहिजे असते. आयबीपीएसच्या बँक भरतीच्या सूचनांत फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी असे माप सांगितलेले असते. म्हणजे क्षेत्रही ठरलेले आणि टनेजही ठरलेले. शेवटच्या रात्री मुले एकच फाईल चार ॲपमधून दाबत बसतात आणि चेहरा ओळखू येईनासा होतो.

क्रम असा ठेवावा. प्रथम मूळ फोटो घ्या. मग नको असलेला भाग कापा. त्यानंतर लांबी-रुंदी मागितलेल्या पिक्सेलवर आणा. सर्वांत शेवटी जेपीजीचा दर्जा कमी करत केबी मर्यादेत बसवा. माप चुकले तर दाबलेल्या फाईलवर काम न करता पुन्हा मूळ फोटोपासून सुरुवात करा. कागदपत्रांचे रंग लागत नसतील तर काळे-पांढरे केल्यानेही वजन उतरते. आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पीडीएफमध्ये मिळाला असेल तर पीडीएफच द्यावी. त्याचा फोटो किंवा स्क्रीनशॉट काढला की नुसते चित्र उरते, डिजिटल स्वाक्षरी गळून पडते.

पाठवताना

व्हॉट्सॲपवर साधा 'फोटो' म्हणून पाठवलेले चित्र बहुधा सुमारे १,६०० पिक्सेलपर्यंत लहान केले जाते आणि वर दाबही बसतो. १ कोटी २० लाख ठिपक्यांतून १९ लाखांच्या आसपास उरतात, म्हणजे सहाव्या हिश्शाहून कमी. २०२३ पासून त्यात 'एचडी' पाठवण्याची सोय झाली, त्याने बरेच वाचते, पण दाब तिथेही पडतोच. खरा उपाय सोपा आहे. पिनेच्या चिन्हावर बोट ठेवून 'डॉक्युमेंट' निवडा आणि फाईल तिथून जोडा. ती जशीच्या तशी पोचते. ई-मेललाही जोडून चालेल. स्क्रीनशॉट मात्र काढू नका.

घरातला जुना छापील फोटो असेल तर तो स्कॅनरवर ६०० च्या मापाने स्कॅन करावा. दोन बाय तीन इंचांच्या फोटोचे १,२०० बाय १,८०० पिक्सेल होतात आणि तो दुप्पट आकारात निर्धास्त छापता येतो. स्कॅनर नसेल तर फोटो फ्रेमच्या काचेतून बाहेर काढावा, दिवसा सावलीत सपाट ठेवावा आणि फोन बरोबर वर धरून, फ्लॅश न लावता टिपावा.

थोडक्यात एवढेच. चित्र कुठे जाणार, कागदावर, बॅनरवर, अर्जात की नुसते मोबाईलवर, हे आधी ठरवा आणि मग माप व प्रकार निवडा. फोटो असेल तर जेपीजी, अक्षरे व बोधचिन्ह असेल तर पीएनजी, छपाईला पीडीएफ. आणि मूळ फाईल कधीही हातची घालवू नका.

शेवटी एक विनंती. सण-समारंभ संपल्यावर आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींचा प्रत्येकी एक चांगला फोटो, मूळ आकारात, एका फोल्डरमध्ये नावासह ठेवून द्या. फोन बदलतात, फुटतात, हरवतात, म्हणून त्याची दुसरी नक्कल पेनड्राइव्हवरही ठेवा. पीक-स्पर्धा, मुलांचे यश किंवा दुःखद वार्ता, जे काही अंकासाठी पाठवायचे असेल त्यासोबत मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, अथवा छापील फोटो कार्यालयात आणून द्या. आम्ही आपल्यासमोर स्कॅन करून तो लगेच परत करू. फोटो लहान असल्यास यापुढे आम्ही स्वतः फोन करून दुसरा मागू. आबांच्या चिरंजीवांना आम्ही तसा शब्द दिला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
संपादक मंडळ